विशेष गरजा असलेली मुलं आणि आपण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुप-मुलुंड पट्ट्यात राहणाऱ्या आम्हा पालकांचा एक छोटा गट आहे. शेजारी, शिक्षिका, मामा-मावश्या, नुकतंच निदान कळलेले आईबाबा असे सगळे आम्हाला विचारत असतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र केले. उत्तरं मी लिहिली आहेत, गटातल्या इतरांनी वाचून दुरुस्त केली आहेत. माझा मुलगा 15 वर्षांचा आहे, स्वमग्न आहे (म्हणजे त्याला ऑटिझम आहे), त्यामुळे उदाहरणं त्याची जास्त आली आहेत.

1. "विशेष गरजा असलेलं मूल" म्हणजे नेमकं कोणतं मूल?

शिकायला, बोलायला, चालायला, ऐकायला, बघायला किंवा माणसांत मिसळायला ज्याला बरोबरीच्या मुलांपेक्षा वेगळी किंवा जास्तीची मदत लागते, ते मूल. बोलण्यातला हा शब्द तसा ऐसपैस आहे. कायद्याची यादी मात्र ठरलेली आहे. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात ते 21 झाले आणि हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. स्वमग्नता, अध्ययन अक्षमता (वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण), सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारी अडचण), थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार, ही नावं या यादीत आहेत.

म्हणजे व्हीलचेअरवरचं मूल तर यात आहेच, पण वाचताना अक्षरांची उलटापालट होणारी मुलगी आणि ठरलेल्या दिवशी रक्त चढवून घ्यायला जाणारा मुलगाही आहे. यातली बरीच मुलं बघून ओळखू येत नाहीत. त्यातून होणाऱ्या गैरसमजांबद्दल प्रश्न 8 मध्ये लिहिलं आहे.

2. दिव्यांग, अपंग, मतिमंद, गतिमंद, स्वमग्न... नक्की काय म्हणायचं? चुकीचा शब्द जाईल म्हणून बोलायलाच भीती वाटते.

भीतीपोटी गप्प बसू नका. सगळ्यात सोपा आणि कधीच न चुकणारा शब्द म्हणजे मुलाचं नाव.

"मतिमंद" हा शब्द जुन्या पाट्यांवर आणि कागदांवर अजून दिसतो, पण आता तो वापरू नये. "बौद्धिक अक्षमता" म्हणावं. "दिव्यांग" हा शब्द 2015 च्या शेवटी पंतप्रधानांनी सुचवला आणि पुढे सरकारी कामकाजात रुळला. काहींना तो आवडतो, काहींना त्यातलं "दिव्य" खटकतं, ते "अपंग" म्हणणंच पसंत करतात. समोरचं कुटुंब जो शब्द वापरतं तो घ्यावा. "स्वमग्न" हा शब्द मी स्वतः वापरते, तरी त्याने एक गैरसमज होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हे मूल आपल्याच तंद्रीत आहे, त्याला जगाशी देणंघेणं नाही. खरं तर माझ्या मुलाला जग जरा जास्तच ऐकू येतं. तीन घरं पलीकडचा मिक्सर, ट्यूबलाइटची गुणगुण, कुकरची शिट्टी होण्याआधीची सुरसुर, यातलं काहीच त्याच्या कानातून सुटत नाही.

आणि एक विनंती. "ए, मंद आहेस का?", "वेड्यांच्या शाळेत घाल याला" ही वाक्यं घरात, वर्गात, क्रिकेटच्या मैदानावर सहज फेकली जातात. बोलणाऱ्याच्या मनात आमची मुलं नसतात, हे मान्य. पण ऐकणारी लहान मुलं त्यातूनच शिकतात की अशा शाळेत जाणं म्हणजे शिवी खाण्यासारखं काहीतरी आहे.

3. हे कशामुळे होतं? गरोदरपणात आईचं काही चुकलं असेल का?

नाही. हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक येतो आणि बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी आईला तो आधीच विचारलेला असतो. ग्रहणात भाजी चिरली होतीस का? डोहाळे पुरवले नाहीत का? नोकरीसाठी लोकलने धक्के खात गेलीस म्हणून तर नाही? बारशाला आलेल्या बाईने मला खुर्चीत बसवून हे तिन्ही प्रश्न विचारले होते. तेव्हा तर कसलं निदानही झालेलं नव्हतं, बाळ फक्त खूप रडायचं.

कारणं निरनिराळी असतात. डाउन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. हे 1959 मध्ये सिद्ध झालं. सेरेब्रल पाल्सीमागे असते ती वाढत्या मेंदूला जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लगेच झालेली इजा. खूप आधी जन्म होणं, प्राणवायू कमी पडणं, तीव्र कावीळ ही त्यामागची काही कारणं. स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे.

आईला दोष द्यायची खोड फक्त आपल्याकडचीच आहे असं नाही. 1943 मध्ये लिओ कॅनर यांनी अमेरिकेत स्वमग्नतेचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्यानंतरची बरीच वर्षं तिथले तज्ज्ञ सांगत होते की आईने माया केली नाही म्हणून मूल असं होतं. ते साफ खोटं ठरलं, पण तोवर कितीतरी आया स्वतःला कोसत जगल्या. लसीचंही तसंच. गोवराच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा 1998 चा लेख लॅन्सेट या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. मुलांच्या लसी चुकवू नका.

"मागच्या जन्मीचं पाप" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण ते माझ्या मुलासमोर बोलू देत नाही. उलट टोकाचीही माणसं भेटतात, मुलात देवाचा अंश आहे म्हणून पाया पडणारी. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसात अलौकिक शक्ती आहे असं भासवून त्याचा धंदा करणं हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

4. लिफ्टमध्ये, बागेत असं मूल भेटलं तर काय बोलायचं? की बघून न बघितल्यासारखं करायचं?

मुलाशी बोला. आईशी मुलाबद्दल नव्हे, थेट मुलाशी. या पानावरचं एकच उत्तर वाचायला वेळ असेल तर हे वाचा.

नेहमी होतं असं. मुलगा शेजारी उभा असतो आणि लोक मला विचारतात, "याला कळतं का सगळं? बोलतो का? खातो का हाताने?" तो ऐकत असतो. उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो, याचा अर्थ त्याला ऐकू आलं नाही असा होत नाही.

आमच्या बाजारात एक मासेवाली मावशी आहे. तिला ऑटिझम वगैरे शब्द माहीत नाहीत. पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा तिने माझ्याकडे बघितलंच नाही. याला म्हणाली, "काय रे, बांगडा की सुरमई?" हा टोपलीतल्या बर्फाकडे बघत होता. मी तोंड उघडलं तर तिने कोयत्यावरचा हात उचलून मला थांबवलं. मागे दोन गिऱ्हाईकं उभी होती. मी मनात दहापर्यंत मोजलं. मग तो म्हणाला, "बांगडा." तिने चार बांगडे मोजून दिले, पैसे त्याच्याच हातातून घेतले आणि सुट्टे त्याच्याच हातात ठेवले.

करायचं ते एवढंच. साधा प्रश्न, एका वेळी एकच, आणि मग थांबणं. उत्तर शब्दात येईल, मानेने येईल, बोटाने येईल, कदाचित येणारही नाही. डोळ्यात डोळे घालून बघायचा आग्रह नको, अंगाला हात लावण्याआधी विचारा. श्रवणदोष असलेल्या मुलाशी बोलताना समोर येऊन, चेहऱ्यावर उजेड पडेल असं उभं राहून बोला. दृष्टिहीन मुलाला आधी आपलं नाव सांगा आणि निघताना "मी जातेय" म्हणा, नाहीतर ते रिकाम्या जागेशी बोलत राहतं.

5. माझ्या पाच वर्षांच्या मुलीने बसमध्ये मोठ्याने विचारलं, "आई, तो दादा असं का करतोय?" मी तिला दटावलं. बरोबर केलं का?

दटावलंत की मुलीला कळतं, इथे काहीतरी लाजिरवाणं आहे. खऱ्या आवाजात उत्तर द्या: "त्याला आनंद झाला की तो हात हलवतो. तू उड्या मारतेस ना, तसं." माहीत नसेल तर "मला माहीत नाही, आपण त्याला नमस्कार करूया" म्हणा. मुलांची उत्सुकता आम्हाला कधीच टोचत नाही. त्यानंतर मोठी माणसं जागा बदलून बसतात ते टोचतं.

6. दया वाटते हो. दया वाटणं वाईट आहे का?

आतून कालवतं ते वाईट कसं असेल? फक्त पुढे त्याचं काय होतं ते बघा. दयेपोटी लोक माझ्या मुलाच्या हातात चॉकलेट ठेवतात, खेळात त्याला मुद्दाम जिंकवतात, "बिचारा" म्हणतात आणि निघून जातात. त्याला खेळायला घेणारं, चुकला तर "आऊट आहेस" म्हणणारं कुणी फारसं भेटत नाही. "देवाने तुम्हालाच निवडलं, तुम्ही किती ग्रेट" हेही त्यातलंच. आम्ही ग्रेट नाही, दमलेले आहोत. "शनिवारी दोन तास मी मुलाजवळ बसू का?" असं विचारणारी शेजारीण आम्हाला त्या कौतुकापेक्षा जास्त हवी असते.

7. मॉलमध्ये एक मोठा मुलगा जमिनीवर लोळून ओरडत होता. आईवडील लाड करतात म्हणून असं होतं ना?

दुरून बघणाऱ्याला यातला फरक कळत नाही. हट्टाला प्रेक्षक लागतो, मागितलेली वस्तू मिळाली की तो थांबतो. आवाज, गर्दी, दिवे, वास यांचा भार असह्य होऊन मूल कोसळतं तेव्हा त्याला काहीच नको असतं, फक्त हे सगळं थांबायला हवं असतं. तेव्हा ओरडून, मारून किंवा खाऊ देऊन उपयोग होत नाही.

तुम्ही तिथे असाल तर घोळका करू नका. आईला हळू आवाजात "काही हवंय का?" विचारा. ती नाही म्हणाली तर वाट मोकळी करून द्या. दुकानदार असाल तर गाण्याचा आवाज कमी करा. आणि मोबाइल खिशात ठेवा. परक्याच्या मुलाच्या सगळ्यात वाईट दहा मिनिटांचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं क्रूर आहे, मग त्याखाली कितीही हळव्या ओळी लिहा.

8. लोकलच्या दिव्यांग डब्यात धडधाकट दिसणारी मुलं का बसतात?

कारण ती फक्त दिसायला धडधाकट असतात. माझ्या मुलाला साध्या डब्यात चारी बाजूंनी अंगं लागली की गुदमरायला होतं. तो कानावर हात ठेवून प्रत्येक घोषणा सोबत म्हणतो: "पुढील स्टेशन, विक्रोळी." एकदा एका काकांनी विचारलं, "हातपाय तर नीट आहेत, इथे कसा?" मी पर्समधून कार्ड काढलं. समोर कुबड्या घेऊन बसलेला तरुण म्हणाला, "काका, सगळ्यांचं पायातच नसतं." आणि याला म्हणाला, "भाई, खिडकी घे."

शंका येणं समजू शकते, कारण त्या डब्यात घुसखोरी होते आणि खऱ्या गरजूंना उभं राहावं लागतं. पण कागद बघायचं काम तपासनीस आणि रेल्वे पोलिसांचं आहे. कार्ड कसं मिळतं ते प्रश्न 10 मध्ये.

9. मुलगा अडीच वर्षांचा आहे, बोलत नाही. सासूबाई म्हणतात, "याचे बाबाही उशिराच बोलले." थांबावं का?

थांबू नका. बाबा उशिरा बोलले असतील, त्यात सासूबाई खोटं सांगत नाहीत. पण तपासून काही निघालं नाही तर दोन-चार फेऱ्यांपलीकडे काही गेलं नाही, आणि निघालं तर सुरुवातीच्या वर्षांत न मिळालेली मदत पुढे भरून काढणं अवघड जातं. सगळ्यात आधी कान तपासा. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. हालचालींची अडचण असेल तर हाजी अलीजवळ भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे. केईएम, सायन, नायर या पालिकेच्या रुग्णालयांत बालरोग विभागापासून सुरुवात करता येते.

आजी-आजोबांना भांडून पटत नाही. त्यांना एकदा थेरपीला सोबत न्या. माझ्या सासऱ्यांनी तीन वर्षं "काही नाही झालेलं" म्हटलं. एक दिवस चित्रकार्डावर बोट ठेवून नातवाने त्यांच्याकडे पाणी मागितलं. दुसऱ्या दिवसापासून कार्डं लॅमिनेट करायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं.

10. सर्टिफिकेट काढलं तर मुलावर कायमचा शिक्का बसेल ना?

शिक्का लोक आधीच मारतात, तोही चुकीचा: आळशी, उद्धट, ढ. सर्टिफिकेटने निदान दार तरी उघडतं. केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, सरकारी रुग्णालयात तपासणी झाल्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र मिळतं. बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट असते. ते कार्ड कुणाला दाखवायचं हे तुमच्या हातात आहे, गळ्यात अडकवून फिरायचं नसतं.

अध्ययन अक्षमतेच्या मुलांना राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यांच्या तपासणीसाठी सायनच्या रुग्णालयातलं केंद्र मुंबईत ओळखीचं आहे. दहावीच्या वर्षाची वाट बघू नका, तपासणीला वेळ लागतो.

11. शाळा म्हणते, "बाकीचे पालक तक्रार करतात, तुम्ही स्पेशल शाळा बघा." त्यांना असं म्हणता येतं का?

या कारणाने प्रवेश नाकारता येत नाही. 2016 च्या कायद्याच्या कलम 31 नुसार 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंत मुलाची आणि घरच्यांची, शाळेची नव्हे. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांतही दिव्यांग मुलं वंचित घटकात धरली जातात. नकार मिळाला तर तो लेखी मागा. आम्हाला एका शाळेने तोंडी खूप काही सुनावलं होतं, लेखी मागितल्यावर सूर बदलला.

तरीही विशेष शाळा म्हणजे हार, असं अजिबात नाही. शिवडीची जय वकील शाळा 1944 पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते आहे. मिठू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी शाळा सुरू केली आणि पुढे त्याच संस्थेने या मुलांना साध्या शाळेत घालण्याचा आग्रह धरला. मुलाला कुठे श्वास घेता येतो ते बघून ठरवा. साधी शाळा निवडलीत आणि तिथे तो दिवसभर एकटाच बाकावर बसत असेल, तर त्याला समावेशन, म्हणजे सगळ्यांत सामावून घेणं, म्हणता येणार नाही.

12. सोसायटीने नोटीस लावली: "मुलाला खाली खेळायला आणू नये, आवाजाचा त्रास होतो." काय करू?

आधी बोला. शक्य तर चेअरमनच्या घरी जाऊन, चहा घेत. बऱ्याचदा तक्रार करणारं घर एकच असतं आणि बाकीचे सह्या करून मोकळे झालेले असतात. आवाजाची वेळ ठरवता येते का, गच्ची किंवा हॉल एक तास मिळतो का ते बघा. दुपारी झोपणाऱ्या आजारी म्हाताऱ्यांचा त्रासही खोटा नसतो.

पण सामाईक जागेत मुलाला मज्जावच करत असतील तर तो भेदभाव आहे. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे लेखी तक्रार करता येते. चारचौघांत मुलाला हिणवण्याच्या हेतूने अपमान किंवा दमदाटी केली तर 2016 च्या कायद्याच्या कलम 92 खाली 6 महिन्यांपासून 5 वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. हे कलम पहिल्याच भेटीत काढू नका. पुढेही त्याच जिन्यात राहायचं आहे.

13. गणपतीला, लग्नाला या कुटुंबाला बोलवावं का? त्यांना अवघड होईल म्हणून आम्ही बोलवत नाही.

बोलवा. यायचं की नाही ते आम्ही ठरवू. न बोलावण्याचा हा जो समजूतदारपणा असतो ना, त्याने पाचेक वर्षांत एखादं कुटुंब नात्यागोत्यातून अलगद गळून जातं. हळदीकुंकवाला आमच्या गटातल्या एकीला सलग तीन संक्रांती कुणी हाक मारली नाही. ढोलताशा सुरू होण्याआधी सकाळी दर्शनाला बोलवा, पंगतीच्या आधी ताट वाढा, एक शांत खोली दाखवून ठेवा.

14. मोठ्या मुलीचं लग्न ठरवतोय. धाकट्याबद्दल स्थळाला सांगायचं का?

सांगायचं, आणि पहिल्याच बोलण्यात. लपवलेलं कळतंच, आणि तेव्हा शिक्षा मुलीला भोगावी लागते. "घरात आणखी कुणाला आहे का?" असं विचारलं तर चिडू नका. काही स्थितींत आनुवंशिक धोका असतो, काहींत नगण्य असतो. जनुकीय समुपदेशकाकडून नेमकं समजून घेऊन तेच सांगा. पुढे धाकट्याला सांभाळायचं की नाही हे मात्र मुलीने तिच्या मनाने ठरवावं, तिच्याकडून शपथ घेऊ नये.

15. आमच्या मुलाने दुसऱ्या मुलाला चावलं. "त्याला कळत नाही" म्हणून सोडून द्यावं?

नाही. ज्याला चावलं त्याला दुखलं आहे. आधी त्या मुलाकडे जा, औषध लावा, माफी मागा, आणि जमेल त्या रीतीने आपल्या मुलालाही ती मागायला लावा. मग शांतपणे शोधा की त्याच्या अगदी आधी काय झालं होतं. दात दुखत होता, रांग मोडली होती की कुणी चिडवत होतं? तसंच समोरच्या पालकांनी एका चाव्यावरून मुलाला "धोकादायक" ठरवू नये. साध्या मुलांच्या मारामारीत आपण तसं ठरवत नाही.

16. मुलगा आता मोठा दिसायला लागला. लहानपणी लाड करणारेच लिफ्टमध्ये मागे सरकतात. आणि 18 नंतर काय?

आधी कायद्याचं. 18 पूर्ण झाले की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकाहून जास्त प्रकारचं अपंगत्व) यांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. प्रत्येकाला पूर्ण पालकत्व लागतंच असं नाही. 2016 च्या कायद्यात मर्यादित पालकत्वाची तरतूद आहे. त्यात त्या व्यक्तीशी विचारविनिमय करूनच एकत्र निर्णय घ्यायचे असतात.

लिफ्टचं उत्तर कायद्यात नाही. सहाव्या वर्षी हात फडफडवणारं मूल गोड दिसतं, मिसरूड फुटलेला मुलगा तेच करतो तेव्हा लोक पिशव्या छातीशी धरतात. हात तेच असतात. आम्ही दोन गोष्टी केल्या. त्याला अनोळखी माणसापासून हातभर अंतर ठेवायला शिकवलं, रोज, दोन वर्षं. आणि वॉचमन, रिक्षा स्टँड, दूधवाला, किराणावाला यांना त्याचं नाव आणि त्याचा रस्ता सांगून ठेवला, म्हणजे तो घाबरून थांबला तर कुणीतरी नावाने हाक मारेल.

गेल्या महिन्यापासून तो बाजारात पुढे जातो, मी वीस पावलं मागे असते. मावशीला मी दिसते, पण ती माझ्याकडे बघत नाही. त्याला विचारते, "काय रे, बांगडा की सुरमई?" आणि थांबते.